स्टिअरिंगवरचे अंगठे

दोन आठवडे व्हायला आले त्या रविवारला. घोडपदेवच्या आमच्या गल्लीत सिद्धार्थची नवी कोरी फोर बाय फोर गाडी उभी होती, आणि मला सकाळचे पोहे गेले नाहीत.

सिद्धार्थ माझा लहानपणापासूनचा मित्र. एकच चाळ, मी पहिल्या मजल्यावर, तो दुसऱ्यावर. तो डेंटिस्ट झाला, दादरला स्वतःचा दवाखाना टाकला, मला कधी काही वाटलं नाही... खरंच नाही. पण दगडधोंड्यांतून गाडी घालायचं ते ऑफ-रोडिंग माझं होतं हो! चाळीत जीपवाला म्हणून मला ओळखतात. आता जो तो त्याच्या गाडीभोवती फेऱ्या मारत होता, आणि माझ्या जुन्या जीपच्या बॉनेटवर कोणीतरी पिशवी ठेवली होती.

कर्जतच्या पुढे एका फार्मवर ट्रॅक आहे. त्याच दिवशी दोघं दोन गाड्या घेऊन गेलो. सुक्या ओढ्यातल्या दगडगोट्यांवरून तो एका हाताने गाडी काढत होता... इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग! खालचा सगळा मार गाडीच गिळते, हाताला काही पोचतच नाही. माझ्या जीपला पॉवर स्टिअरिंगच नाही, त्यामुळे मी मागून घामाघूम. प्रत्येक दगड पार खांद्यापर्यंत कळत होता.

पलीकडे पोचल्यावर तो म्हणाला, "विन्या, तू हे इतकी वर्षं करतोयस? जिमच आहे रे ही!" तो कौतुकाने म्हणाला होता. मला टोमणा ऐकू आला.

मग मीही सुनावलं. हाताला काही कळतच नसेल तर ते कसलं ड्रायव्हिंग? टायर कशावर चढतोय, चाकं किती वळलीयत, हे हातांनी ओळखायचं असतं. बोललो ते खोटं नव्हतं, पण बोललो ते जळून. आणि तो बाबा लगेच म्हणतो, "मग दे ना एक राऊंड. बघू तरी."

जीप दुसऱ्याला देताना मी नेहमी एक गोष्ट सांगतो. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, बाहेर रिंगवर ठेवायचे. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि मधली दांडी अंगठ्यावर बसते. अगदी प्रत्येकाला सांगतो.

सिद्धार्थ बसला. दोन्ही अंगठे आत. मला दिसलं. शब्द ओठांवर आले होते... आणि मी गप्प बसलो. बसू दे एखादा झटका, कळू दे साहेबांना, एवढंच मनात होतं.

एकच झटका बसला. उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं.

फार्मवरचा ट्रॅक सांभाळणारे काका मला वर्षानुवर्षं ओळखतात, त्यांनी पट्टी बांधली. जीप तिथेच सोडली आणि त्याची गाडी मी चालवत आणली, परळला प्लास्टर घालून मग घरी. खोटं कशाला बोलू, गाडी अप्रतिम आहे. त्याने बुक केल्यापासून जी चालवायला जीव तळमळत होता ती माझ्या हातात होती, आणि शेजारी तो हात छातीशी धरून बसला होता.

चाळीत मावशींनी, म्हणजे त्याच्या आईने, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू होतास म्हणून बरं झालं रे बाळा. चावी तुझ्याकडेच ऱ्हाऊ दे. हा काय आता महिनाभर गाडीला हात लावत नाय." सिद्धार्थ काहीच बोलला नाही.

मग रोज सकाळी गाडी सुरू करायला मी खाली जाऊ लागलो. गल्लीतले बघायचे, एकदोघांनी तर मलाच पेढे मागितले. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. दादरला त्याच्या बंद शटरवर 'दवाखाना काही दिवस बंद' असा कागद होता. कामावर येताजाता मी तो रोज वाचायचो.

परवा मंगळवारी संध्याकाळी वर गेलो आणि सांगून टाकलं. तुझे अंगठे आत होते, मला दिसले होते, मी मुद्दाम बोललो नाही.

तो डाव्या हाताने चहा पीत होता. "माहितीये," म्हणाला. "काकांनी पट्टी बांधतानाच विचारलं मला, विनयने सांगितलं नाही का? तो तर सगळ्यांना सांगतो."

मग आईने चावी दिली तेव्हा का नाही बोललास, एवढंच विचारलं.

"बघत होतो," तो म्हणाला, "किती दिवस लागतात तुला."

नऊ लागले. त्या नऊ दिवसांत तो एकदाही चिडला नाही, मावशींजवळ अवाक्षर काढलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर अख्ख्या चाळीत बोंबलत फिरलो असतो.

हे त्याला विचारूनच लिहितोय. अजूनही जळतोच मी त्याच्यावर... पण आता गाडीवरून नाही.