लटारूचे दोन हजार पाचशे वीस बांबू

मॅट्रिकच्या गणितात मी दोनदा आपटलो होतो, तरी १९५६ साली चांदा जिल्ह्यातल्या एका बांबू डेपोवर मला कारकून नेमलं. हिशेब खरा सांभाळायचा तो चौकीदार लटारू. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस माझ्या बेरजा तपासायचा. मला संताप यायचा, कारण बरोबर त्याचंच निघायचं.

वर्षातून एकदा आसपासच्या दहा गावांना घरांसाठी निस्ताराचे, म्हणजे जंगलातल्या हक्काच्या वाट्याचे बांबू मिळत. प्रत्येक गावाला वाटा सारखा. पण त्या दिवशी कोण येईल आणि कोण रुसून घरी बसेल, याचा नेम नसे. पूर्वी अडीच हजार बांबू वाटत. एकदा सातच गावं आली, एक बांबू उरला आणि त्या एकापायी तिघांची डोकी फुटली. मग लटारूने महिनाभर चिंचोके मांडले आणि साहेबांना म्हणाला, फक्त वीस वाढवा. दोन हजार पाचशे वीस. एक गाव येवो की दहा, वाटे सारखे, शिल्लक काही नाही! मी कागदावर ताडून पाहिलं. असा याहून लहान आकडाच नाही. मनातून जळलो, दुसरं काय.

खुद्द लटारूला मात्र त्यातली एक काडी मिळत नसे. तो आणि त्याची बायको रुखमाबाई वैनगंगेपलीकडून आलेले, डेपोच्या कुंपणाशी झोपडीत राहत. कुठल्याच गावात नाव नाही, म्हणून वाटा नाही. पळसाच्या पानांचं छप्पर दर पावसाळ्यात गळायचं. रुखमाबाई बोल बोल बोलायची, हा गप्प.

पुढे एका वर्षी सरकारी यादीत एक गाव वाढलं आणि नेमकी सगळी अकरा गावं हजर झाली. प्रत्येकी दोनशे एकोणतीस आणि एक उरला. त्याचे अकरा तुकडे करा, असं कोणी सुचवलं, तर बुडख्याचा जाड तुकडा कोणाचा, यावरून त्यांतल्या एका गावच्या गुणवंतराव पाटलांनी बाह्या सावरल्या. लटारूचा चेहरा पांढराफटक पडला.

तेव्हा रुखमाबाई पुढे आली. "बाराचं जमते. दोनशे दहा, दोनशे दहा. म्या चिंचोके मांडून पाह्यलं."

"बारावं गाव कुठी हाये, बाई?" पाटलांनी विचारलं.

"आमची झोपडी. दोन मानसं राह्यतो आमी. काऊन, तेवढ्याचं गाव नाई होत का?"

एका बांबूचं भांडण टाळायला प्रत्येक गावाला एकोणीस सोडावे लागणार होते. पण शेजारच्या गावाला एक जास्त जाण्यापेक्षा ते परवडलं. सगळे झटक्यात कबूल झाले. मी यादीत बारावी ओळ लिहिली.

संध्याकाळी लटारू झोपडीपुढे आपले बांबू मोजत होता. तीनदा मोजले. तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. डोळे पुसत त्याने मला हाक मारली आणि म्हणाला, "बाबू, तुमीच मोजून द्या."