घारीची पाठ

माझ्या आईने चिखलदरा पाहिला होता का, असं कुणी विचारलं तर मी आधी चिडते आणि मग गप्प बसते. गेली होती, एवढं खरं. आम्ही सगळेच गेलो होतो. वऱ्हाड तेव्हा सी.पी.त, म्हणजे मध्य प्रांतात होतं. नागपूरचे साहेब उन्हाळ्यात पचमढीला जात, अमरावतीचे चिखलदऱ्याला, आणि साहेबांचं पाहून आमच्या वकिलांनाही थंड हवेची गरज भासू लागली होती. माझे वडील वकील. एका मे महिन्यात त्यांनी आठ दिवसांसाठी तिथे एक बंगला भाड्याने घेतला. त्यांचीही ती पहिलीच खेप.

आई कधी कुठे गेलेलीच नव्हती. माहेर भातकुलीचं, सासर अमरावतीचं. बैलगाडीत एक डुलकी काढली की तिचा प्रवास संपायचा. जायचं ठरल्यावर शेजारच्या काकूंनी तिला सांगितलं, की तिथे कड्यावर उभं राहिलं की घारी आपल्या पायाखालून उडतात, त्यांची पाठ दिसते. आईच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. लोणच्याच्या कैऱ्या फोडता फोडता ती मला म्हणाली, "आपण जन्मभर घारीचं पोटच पाहतो, नाही? पाठ कशी असेल गं?" मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मला वाटलं, हिला हे काय सुचून राहिलं. बाबा पलीकडे वर्तमानपत्र वाचत होते.

परतवाड्यापर्यंत एक मोटार, तिथून घाटाची दुसरी. थंडीची इतकी धास्ती, की भर मे महिन्यात माणसागणिक घोंगडी घेतली होती. शिवाय डाळ-तांदूळ, पोळपाट, पाटा-वरवंटा, आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तेल्हाऱ्याला दिली होती, नवरा गेल्यावर आमच्याकडे आली ती राहिली. सोवळ्याची कडक, जिभेची त्याहून. चूल आईची आणि हुकूम आत्याचा. घाटात मला उलट्या झाल्या तर तिने मोटारवाल्यालाच फैलावर घेतलं. "हळू चालव न बाप्पा, काहून पळवून राहिला? पोरीचं आतडं बाहेर येऊन राहिलं." तो बिचारा पुढे घाटभर चालल्यासारखी मोटार हाकत होता.

पोचलो त्याच संध्याकाळी बाबांचे दोन वकीलमित्र भेटायला आले आणि जेवूनच गेले. लाकडं ओली, धूर इतका की आई दिसेना. पिठलं वाढलं तेव्हा एक मित्र म्हणाला, "वहिनींच्या हातचं हे मिळत असेल तर आम्ही उद्यापासून आमची चूल पेटवतच नाही." बाबा म्हणाले, "अवश्य या." सगळे हसले. थंड हवेत भूक कशी सपाटून लागते, यावर बराच वेळ चर्चा झाली. मी दाराशी उभी होते. आई हसली नाही, परातीतल्या कणकेकडे बघत राहिली.

सकाळी उठून पाहते तर आई मागच्या खोलीत घोंगडीवर बसलेली. कावळा शिवला म्हणे. म्हणजे तीन दिवस तिने कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. आत्याने कपाळावर हात मारला. "इथं येऊनच व्हायचं होतं का तुले?" म्हणाली, आणि पदर खोचून चुलीकडे गेली. बाबा त्या खोलीच्या दाराशी जरा वेळ उभे राहिले. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण आत्या तिकडून बघत होती. ते तसेच फिरले. फाटकाशी बैलांची एक दमणी येऊन उभी होती, ती त्यांनी परत पाठवली. मला वाटलं, गाडीवान घर चुकला असेल.

त्या दिवशी आई दिवसभर झोपली. आई दिवसा झोपलेली मी कधी पाहिली नव्हती, म्हणून मी सारखी डोकावून यायचे. संध्याकाळी बाबांनी मला कड्यावर नेलं. ते मागेच एका झाडाखाली थांबले, मला बंगल्यावरच्या गड्याने हाताला धरून पुढे नेलं. आणि खरंच, खाली घार होती. मी धावत बंगल्यावर आले आणि उंबऱ्याबाहेरूनच ओरडले, "आई, पाठ दिसली."

"कशी आहे?"

"तपकिरी. पंखांवर फिकट पट्टा. कोंबडीसारखी."

"पंख हलवते का?"

"नाही. नुसती तरंगते."

"बरं," आई म्हणाली. मग उगाच घोंगडीची घडी करत बसली.

चौथ्या दिवशी ती न्हायली आणि ओल्या केसांनिशी थेट चुलीपाशी गेली. पण तोवर आत्याचे डोळे धुराने सुजले होते, विहिरीच्या चढाने गुडघे धरले होते, आणि तिने जाहीर केलं होतं, "मी आता इथं एक दिस राहत नाही. ज्याले राहाचं त्यानं राहावं." बाबांनी वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही आठ दिवसांच्या बंगल्याला कुलूप लावून घाट उतरलो. मला पुन्हा मळमळत होतं, म्हणून मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते, आणि मला थोपटण्यात तिला बाहेरही बघता आलं नाही.

पुढे दर उन्हाळ्यात मित्र बोलवायचे. बाबांचं उत्तर ठरलेलं, "हिला तिथली हवा मानवत नाही. आणि हिला सोडून मी एकटा काय जाऊ?" मग घरातच खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावायचे आणि दोघांनी घामाच्या धारा पुसत बसायचं.

माझं लग्न झालं, अकोल्याला शिक्षकाच्या घरी पडले. पहिल्या बाळंतपणाला अमरावतीला आले. आत्या तोवर गेली होती. एका दुपारी मला शेक देता देता आई म्हणाली, "पड निवांत. बाईला विसावा दोनदाच, एक बाळंतपणात आणि एक बाजूला बसल्यावर. मी तर एकदा खोटाच घेतला."

"खोटा म्हणजे?"

"चिखलदऱ्याला. कावळा नाही न काही नाही."

विटाळ लपवणाऱ्या बायका माहीत होत्या. नसलेला सांगणारी माझीच आई निघाली. आम्ही दोघी इतक्या हसलो की पोर जागं झालं. मग तिने सगळं सांगितलं. आठही दिवस चुलीपाशीच जाणार, हे तिला त्या पहिल्या रात्री स्वच्छ दिसलं होतं. म्हणून ही युक्ती. मंडळी किल्ला बघायला गेली की एकटीने गुपचूप कड्यावर जाऊन यायचं. मंडळी गेली, पण आत्या गुडघ्यांपायी मागे राहिली. आई फाटकापर्यंत पोचली, तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला, "अशा अंगानं रानात कुठं चालली? बस मागं." त्या खोलीला खिडकी होती, पण समोर तबेल्याची भिंत.

"मग आता जाऊ," मी म्हटलं. "बाबांना सांगते मी."

"खबरदार," आई म्हणाली. तिचं हसू पार मावळलं. "माझ्यापायी त्यांनी इतकी वर्षं जाणं सोडलं. आता कुठल्या तोंडानं सांगू, की मी खोटं बोलले?"

मी सांगितलं नाही. आई गेली, तरी सांगितलं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी मी आणि बाबा ओट्यावर बसलो होतो. वर घार फिरत होती. बाबा म्हणाले, "तुझ्या आईला हिची पाठ पाहायची होती."

मी त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला कसं माहीत?"

"कैऱ्या फोडताना तुला म्हणाली, ते ऐकलं होतं मी. तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची दमणी सांगून ठेवली होती. आम्ही दोघंच जाणार होतो. मित्रांना पोचवायला गेलो तेव्हा म्हटलं, उद्या येऊ नका जेवायला."

"मग रात्रीच तिला सांगितलं का नाही?"

"तुझी आत्या होती न घरात. तिच्यासमोर बायकोला काय म्हणू, चल फिरायला? म्हटलं, पहाटे उठवीन. उठवायला गेलो तर ती आधीच मागच्या खोलीत. तुला नेलं तेव्हा मी कड्याशी आलोच नाही. म्हटलं, पाहू तर तिच्याबरोबरच पाहू. नशीब बघ, नेमका त्याच रात्री कावळा शिवावा."

मी तोंड उघडलं. इतका राग आला होता मला, दोघांचाही, की आता सगळं बोलून टाकावं. पण समोर ते एवढेसे होऊन बसले होते, आणि सांगून कोणाला काय मिळणार होतं?

"तपकिरी असते, बाबा," मी म्हटलं. "पंखांवर फिकट पट्टा. पंख हलवत नाही, नुसती तरंगते."

"असं?" बाबा म्हणाले, आणि वर बघत राहिले.