फिल्मवरची तेलकट झाक

आमच्या सहकारी संस्थेच्या स्मरणिकेत छापलंय की एका कामगारानं फिल्मला उघडा हात लावला, माल बिघडला आणि तिथून संस्थेची घसरण सुरू झाली. हे खोटं आहे. ज्यानं छापलं त्याला ठाऊक नसेल. मला तेव्हापासून ठाऊक आहे.

नळदुर्गजवळ हमरस्त्याला आमची शेड होती. मोठ्या लोखंडी पिंपातली हवा पंपानं ओढून काढायची, आत अॅल्युमिनियमची वाफ करायची आणि तिच्यावरून प्लॅस्टिकच्या फिल्मचा रोल फिरवायचा. चांदीसारखी झालेली फिल्म जरीसाठी सोलापूरला जायची. मी सुपरवायझर होतो. मशीन चालवणारा मूळ बेंबळीचा, बौद्ध घरातला तरुण. हाताचा घाम लागला तर थर धरत नाही, म्हणून तो सुती हातमोजे रोज धुऊन आणायचा. दुष्काळ पडला त्या वर्षीही, जेव्हा प्यायला पाणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एक रोल परत आला. चिकटपट्टी लावून ओढली की चांदी तिच्यासकट निघत होती. चेअरमननी सगळ्यांसमोर रोल उलगडला आणि हसले.

"ह्याचा हात लागला असंल. ह्यांच्या हाताला चांदी कशी धरंल?"

चार-पाच जण हसले. मला आजही त्या हसण्याची चीड येते, आणि मी गप्प उभा होतो याची त्याहून जास्त.

तो मात्र शांतपणे म्हणाला, "मालक, रोल नीट बघा. बोटं लागली असती तर बोटांचे डाग दिसले असते. हितं ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत तेलकट झाक हाय. पंपाचं तेल हाय ते."

"आता तू शिकवणार व्हय रं मला?"

मग तो माझ्याकडं वळला. "साहेब, ह्यो रोल निघाला त्या दिशी काय झालं ते तुमी सांगा."

झालं होतं ते असं. पंपाभोवती सतत गार पाणी फिरावं लागतं, नाहीतर त्यातल्या तेलाची वाफ पिंपात चढते आणि फिल्मवर बसते. त्या पाण्यासाठी शेडमागं हौद होता. त्या दिवशी चेअरमनच्या मोसंबीच्या बागेला पाणी न्यायला टँकर आला, तेव्हा हौदाचा कॉक मी माझ्या हातानं उघडला आणि हौद रिकामा झाला. दुपारी मशीनवाला धावत आला होता: "साहेब, पंप लई तापलाय. आज बंद ठिवू." मी म्हणालो होतो, "चालू ठेव. माल जायचाय."

आणि आता सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मला काही आठवत नाही."

त्याला त्याच दिवशी काढलं. पुढं दुसऱ्या कुठल्या शेडनं त्याला मशीनवर उभं केलं नाही. हातानं माल बिघडवणारा म्हणून नाव आधीच पोचलेलं असायचं. मशीन एवढं जाणणारा माणूस रस्त्याच्या कामावर खडी फोडत राहिला.

काढलं त्या दिवशी निघताना तो फाटकाशी थांबला. "चेअरमनचं सोडा, साहेब. त्येंला मशीन कळत न्हाय. तुमाला कळतंय."

"माझ्या घरात लेकरं आहेत रे," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "माझ्याबी हायेत."

आणि तो एसटीच्या थांब्याकडं चालू लागला.