कोरडा उंबरा

माई, फाट्यावर एसटी येऊन थांबली आणि आपल्या आईनं माझ्या ओटीत नारळ घालता घालता काय बजावलं, आठवतंय ना? "परक्या गावात चोंबडेपणा करू नको. आपण बरं नि आपलं काम बरं." मी रडत रडत मान डोलावली. तेच वाक्य गाठीला बांधून मी रत्नागिरीहून इथं भाईंदरला, खारी गावातल्या पत्र्याच्या चाळीत संसाराला आले.

घरमालकीण बायजामावशी, मूळ इथल्याच, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. तोंडाला कुलूप म्हणून नाही! "काय रांधलास गो? नवरा पगार हातान देतो का? अजून पालना न्हाय?" कोण बाई कधी बाहेर बसली, तेही त्यांच्या बोटांवर. माझं असं डोकं फिरायचं! भोचक, आगाऊ, नसत्या उठाठेवी करणारी बाई, अशी मनात हजार नावं ठेवली मी. शेजारच्या खोलीतली महाडची कुसुम मात्र पाच महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन त्यांना हसत सगळं सांगायची. मी दार लोटून घ्यायची.

पौषातली सकाळ होती. कुसुमचा नवरा पहाटेच ड्यूटीवर गेलेला. मी दारात सडा घातला, रांगोळीच्या चार रेघा ओढल्या आणि पाहिलं तर कुसुमचा उंबरा कोरडा. एरवी माझ्या आधी तिचा सडा पडलेला असायचा. वाटलं, बाहेर बसली असेल. त्या दिवसांत आपल्यात कोण सडा घालतं? आणि असलं काय विचारायचं असतं? मी तांदूळ निवडायला बसले, पण हात चालेना. बाळाचाही आवाज नव्हता. दोनदा तिच्या दाराशी गेले, कडी वाजवायला हात उचलला आणि आईला आठवून दोनदा परत फिरले.

नऊच्या सुमाराला मावशी आल्या. "हिचा उंबरा सुका कसा?"

"बाहेर बसली असेल," मी म्हटलं.

"हॅट! तिची बारी आठ दिसांमागं झाली!" असं म्हणून त्यांनी दारावर धडकाच मारल्या. तिसऱ्या धडकेला आतली कडी निखळली.

आत कोळशाची शेगडी होती. रेशनचं रॉकेल आलं नव्हतं, म्हणून बाळाला शेक द्यायला कुसुमनं दार-खिडकी लावून ती पेटवलेली. गुदमरून दोघं निपचित पडलेली. मावशींनी बाळ उचलून अंगणात नेलं, मी कुसुमला काखेत धरून ओढलं. बराच वेळ काहीच नाही. मग बाळ किंचाळलं.

वाचली गं दोघं. दवाखान्यातून घरी आल्यावर कुसुमनं एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही भिंतीपलीकडंच होतात ना?" रागानं नाही विचारलं. म्हणून जास्त लागलं.

माई, आता इतक्या वर्षांनी तुझी लेक शालू लग्न होऊन इकडे येतेय. ओटी भर, नारळ दे, पण आईचं ते वाक्य देऊ नकोस. मावशींना हल्ली दिसत नाही, म्हणून चाळीतले उंबरे मीच बघत फिरते. नव्या बायका मला भोचक म्हणतात. म्हणू देत. माझं घर आता हेच. आणि एक सांगते, अडचणीच्या दिवसांतही मी सडा घालते. आई असती तर बोलणी खाल्ली असती. पण माझा उंबरा कधी कोरडा दिसलाच, तर कुणी मनाशी समजूत घालून परत फिरू नये. दार वाजवावं.