मी येतो म्हणणारी बाई

योगेश्वरी टेंभरेच्या नाकावर राग असतो असं गोंदियाच्या बँकेत सगळेच म्हणतात. ते अर्धवट खरं आहे. तिचा राग नाकावर नसतो, जिभेवर असतो, आणि तिला जिभेचाच पगार मिळतो. बँकेच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, ऑटोवर बांधलेल्या भोंग्यात जे काही मराठीत लिहिलं-बोललं जातं ते तिच्या डोक्यातून आलेलं असतं. बँक जिल्ह्यापुरती, सहकारी. शाखा मोजक्या आणि गिऱ्हाईक धानवाले, दुकानवाले, मास्तर, अंगणवाडीच्या बाया. 'धान कोठीत, पैसा बँकेत, झोप डोळ्यांत' ही तिचीच ओळ. आमगावच्या एका म्हाताऱ्याने ती आपल्या घराच्या दारावर रंगवून घेतली होती, बँकेचं नाव गाळून. योगेश्वरीला त्याचा फार अभिमान.

आमगावकडच्या पोवारांच्या घरातली ही मुलगी. बाप उदेलाल शेतकरी, पण बोलण्यात असा की बाजारात वांगी विकायला बसला तर शेजारचा वांगेवाला उठून जाई. बापाकडून तिने एक गोष्ट उचलली. लिहायचं असेल तर आधी गप्प बसायचं आणि लोक काय बोलतात ते ऐकायचं. म्हणून ओळ सुचवायची वेळ आली की ती टेबल सोडून एसटीत बसते, आठवडी बाजारात फिरते, धान कापणाऱ्या बायांच्या बांधावर जाऊन डबा खाते. ऑफिसातले म्हणतात, मॅडम फिरायला जातात. म्हणोत बापडे.

दिवाळीच्या आधी बँकेने बायकांसाठी नवीन खातं काढायचं ठरवलं. खातं बाईच्या नावाचं, सही बाईची, पासबुक बाईच्या हातात. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर बोरटोल्याला नवी शाखा उघडायची होती आणि जाहिरातीची सुरुवात तिथूनच करायची होती. योगेश्वरी बोरटोल्याला गेली. कालव्याच्या पाण्यावरचं धान पिवळं पडलं होतं, बाया विळे घेऊन वाकल्या होत्या. जेवणाच्या वेळी तिने सहज विचारलं, "बँक आली तर तुमच्या घरून कोण येईल?"

बाया एकमेकींकडे बघून हसल्या. शामकला नावाची एक बाई मात्र हसली नाही. बकऱ्या पाळणारी, रोवणी-कापणीला जाणारी, घरचा सगळा पैसा मिळवून नवऱ्याच्या हातात देणारी बाई. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "कोण येईल म्हंजे? मी येतो. मी सही करतो. माहा पैसा मीच ठेवतो."

योगेश्वरीने डबा बाजूला ठेवून ते तसंच वहीत उतरवलं. याच्यावर आपण काय लिहिणार? हे लिहूनच आलं होतं.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला इथे थांबवून सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो', 'मी जातो', 'मी करतो' म्हणते. गड्यासारखं बोलते असं नाही. इथे 'मी'चं बोलणं एकच आहे, बाईचं वेगळं आणि गड्याचं वेगळं नाही. 'येते' म्हणायचं ते तिसऱ्या कोणाबद्दल, मग ती बाई असो की गडी. शाळेतल्या मास्तरांनी ते 'अशुद्ध' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पट्ट्या मारल्या, तरी ते टिकलं. शामकलाच्या आईने तेच म्हटलं असेल, तिच्या आईनेही.

योगेश्वरीने तिला विचारलं, "तुमचा फोटो आणि तुमचं हे बोलणं पाटीवर लावलं तर चालेल का? गावच्या चौकात?" शामकलाने पदर डोक्यावर ओढला, विचार केला. "माहा नवरा बोंबलल," ती म्हणाली. मग म्हणाली, "बोंबलू दे. लावा." योगेश्वरीने तिला शब्द दिला की तुमचंच तोंड आणि तुमचंच बोलणं, यात काही फरक होणार नाही.

बँकेचे अध्यक्ष भोजराजभाऊ यांनी ओळ वाचली आणि टेबलावर थाप मारली. "वा! एकदम आपल्या मातीतली!" संचालकांच्या सभेत ओळ मंजूर झाली, ठरावात लिहिली गेली. फोटो आणि ओळ घेऊन पुढचं काम प्रफुलकडे गेलं. प्रफुल बँकेचा जाहिरातीचा मॅनेजर. तिरोड्याचा पोरगा, पुण्यात शिकून आलेला. पाट्यांची रचना पुण्याच्या एका एजन्सीकडून करून घ्यायची, हे त्याचंच डोकं.

मंडईच्या आठ दिवस आधी पाट्या लागल्या. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. गावोगाव भरते, दिवसा दंडारीचा नाच आणि दुकानं, रात्री नाटक. योगेश्वरी त्या दिवशी गोंदियालाच होती. सकाळी फोन वाजला. शामकला होती.

"बाई," ती म्हणाली. "माह्या तोंडातलं बोलणं काहाडून माणसाच्या तोंडात घातलं तुमी."

"काय झालं शामकलाबाई?"

"या आन् पाहा. साऱ्या गावच्या बायाईले घेऊन गेलो होतो मी चौकात. माहा फोटो हाय म्हणून. तिथं एक मिशीवाला हाय." "माहा नवरा काय म्हणे मालूम हाय? देख, बँक माणसाले बलावून राहिली. आन् माहा आधार कार्ड खिशात घालून घेतला. मी जातो म्हणे बँकेत. पाटीवर असंच लिवलं हाय म्हणे."

फोन ठेवला तेव्हा योगेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने प्रफुलच्या टेबलावरचा संगणक स्वतःकडे फिरवला आणि पाटी बघितली. भगवा फेटा बांधलेला, पीळदार मिशांचा, गोरापान गडी. गोंदिया जिल्ह्यात असा फेटा कोणी लग्नातसुद्धा बांधत नाही. त्याच्या छातीवर अक्षरं: 'मी येतो. मी सही करतो. माझा पैसा मीच ठेवतो.' 'माहा'चंही 'माझा' करून टाकलं होतं. आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, 'महिलांसाठी विशेष खाते'.

"हे काय आहे, प्रफुल?"

"मॅडम, आधी शांत व्हा."

"मी शांत नाही होत. हे काय आहे?"

प्रफुलने इकडेतिकडे पाहिलं. सगळं ऑफिस कान टवकारून बसलं होतं. मग त्याने हळूच सांगितलं. पुण्याहून फोन आला होता. फोटोत बाई आहे आणि वाक्यात 'येतो' आहे, चूक झाली का, असं त्यांनी विचारलं. प्रफुल म्हणाला, वाक्य सभेत मंजूर झालंय, वाक्य बदलता येणार नाही. मग ते म्हणाले, म्हणजे बोलणारा पुरुष आहे का? "आणि मी हो म्हटलं," प्रफुल म्हणाला. "ते म्हणाले, छान, नवरा बायकोसाठी खातं उघडतोय, असं दाखवू."

"तू हो म्हटलंस? तुला माहीत नव्हतं बाई कशी बोलते ते?"

"माहीत होतं ना, मॅडम." त्याची मान खाली गेली. "माझी आईपण तसंच बोलते. पण त्या लोकांना कसं सांगू? आमच्याकडे बाया 'मी येतो' म्हणतात? हसले असते ते. पुण्यात पहिल्या वर्षी होस्टेलवर मी आईचा फोन स्पीकरवर ठेवला होता एकदा. तेव्हापासून..."

योगेश्वरीला क्षणभर त्याची कीव आली, आणि त्या किवेचाच तिला आणखी राग आला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. परक्याने चूक केली असती तर समजावता आलं असतं. इथे आपल्याच माणसाने, सगळं माहीत असून, परक्याच्या हसण्याला भिऊन आपल्या बाईला गडी करून टाकलं होतं. चार माणसं पुण्यात हसली असती तर काय झालं असतं? दात दिसले असते त्यांचे. इथे एका बाईचं कार्ड नवऱ्याच्या खिशात गेलं.

ती सरळ भोजराजभाऊंच्या खोलीत गेली. भाऊंनी ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला, प्रफुलला बोलावून चार शब्द सुनावले. योगेश्वरीला वाटलं, झालं, सुटलं. पण भाऊ मधल्या वाटेचे माणूस. "असं करू," ते म्हणाले, "फोटो त्या बाईचा टाकू. मंडईला नवीन पाटी लावू, तिलाच मंचावर बोलावू, मानसन्मान करू. आणि एवढं 'येतो'चं 'येते' करून टाकू. शुद्ध पण होते आणि गैरसमज बी नाही. ठराव मी पाहून घेतो."

"भाऊ, मग बोलणं तिचं कुठे राहिलं?"

"अवो ताई, एका मात्रेचा फरक आहे! आता खाजवून खरूज नका काढू."

एका मात्रेचा फरक. योगेश्वरी बाहेर आली. नोकरी सोडून द्यावी असं तिला वाटलं, पण नोकरी सोडली तर पाटीवर उद्या 'येईन हं' लिहिलं जाईल हेही तिला कळत होतं. तिने शामकलाला फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. 'येते' होणार आहे, मला थांबवता आलं नाही, तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल. शामकला ऐकून म्हणाली, "येतो मी मंडईले." बास, एवढंच.

बोरटोल्याची मंडई दुपारी रंगात आली. पाळणे, जिलेबीची कढई, बांगड्यांची दुकानं, दंडारीचा ढोल. बँकेचा मंच चौकात, त्याच मिशीवाल्या पाटीच्या जागी. नव्या पाटीवर कापड टाकलं होतं. भोजराजभाऊंनी नारळ फोडला, कापड ओढलं. शामकलाचा चेहरा, डोक्यावर पदर, हातात विळा. खाली: 'मी येते. मी सही करते. माझा पैसा मीच ठेवते.' टाळ्या वाजल्या. योगेश्वरी मंचाच्या पायरीपाशी उभी होती. तिने टाळी वाजवली नाही.

शामकलाला शाल दिली, नारळ दिला. प्रफुलने माईक तिच्यासमोर धरला आणि कानाशी म्हणाला, "हेच वाचायचं फक्त." शामकलाने पाटीकडे पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून वाचायला तिला वेळ लागला. गर्दी थांबली.

"मी येतो," ती म्हणाली.

"येते," प्रफुल हळूच म्हणाला. माईकने ते सगळ्या मंडईला ऐकवलं.

"मी येतो. मी सही..."

"येते, ताई. येते म्हणा."

शामकलाने त्याच्याकडे मान वळवली. "कोण येते?"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"कोण येते, साहेब? येते म्हंजे ते येते, दुसरी कोणी. तो येते. बैल येते. मी तं इथं उभी हाय तुमच्यापुढं. मी येतो."

आता मंडई खदखदून हसली. बाया तर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. प्रफुलचे कान लाल झाले. भोजराजभाऊ सर्वांआधी सावरले, दोन्ही हात वर करून हसले, "वा वा, हेच तर आपलं झाडीचं वैभव!" म्हणाले. योगेश्वरीला वाटलं, ह्यांच्या तोंडावर तो नारळ फेकावा. आठ दिवसांपूर्वी एका मात्रेचा फरक होता, आज वैभव झालं.

पण शामकलाचं बोलून झालं नव्हतं. तिने माईक प्रफुलच्या हातातून काढून घेतला. पानठेल्याजवळ काही माणसं उभी होती, त्यांच्यात तिचा नवरा खेमराज होता.

"ओ गुड्डूचे बाबा," ती म्हणाली. हसणं एकदम थांबलं. "तुमी पाटी वाचून माहा आधार कार्ड ठेवला ना खिशात? बँक माणसाले बलावते म्हणून? आता पाटीवर मी हावो. पाहून घ्या. कार्ड द्या माहा. सोमवारी मी येतो बँकेत, आन् मी एकटी येतो."

खेमराज हलला नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं, कोणीतरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून. शेजारचा माणूस दुसरीकडे बघायला लागला. "दे ना बे," मागून कोणी तरी म्हणालं. खेमराजने शर्टाच्या खिशात हात घातला. स्वतः पुढे यायची त्याला लाज वाटली असेल. समोरच्या बाईच्या हातात त्याने कार्ड दिलं आणि पाठ फिरवली.

त्या बाईने ते पुढच्या बाईला दिलं. तिने पुढचीला. हातातून हातात, पदरांच्या गर्दीतून कार्ड पायरीपर्यंत आलं आणि योगेश्वरीच्या हाती पडलं. तिला रडू येत होतं आणि रडू येतं याचाच संताप येत होता, की एका बाईला तिचं स्वतःचं नाव मागायला एवढा मोठा भोंगा लागावा. तिने पायरी चढून कार्ड शामकलाच्या हातात दिलं.

शामकलाने ते उन्हाकडे धरलं, फोटो नीट पाहिला, उलटं करून मागची बाजूही पाहिली.

"हो," ती म्हणाली. "मीच होय." आणि तिने ते पोलक्यात खोचलं.