तलवारीची उत्तरपूजा

खंडेनवमीला ओल्या हळदीचा गंध आला की लोहगडवाडीतले एक देवघर आठवते. तिथे पूजेतली पूर्वजांची तलवार हळदकुंकवाच्या ओलाव्याने गंजत चालली होती. मुलगा ती संग्रहालयाला द्यायला निघाला होता; वृद्ध आई मात्र अडून बसली होती. "आये, समदी गंजली तर द्येव बसंल कुटं?" तो म्हणाला. ती माझ्याकडे वळली. "भटजी, आदी तिच्यातला द्येव काढून घ्या. त्याला काचंत कोंडायचा न्हाई." मी देवतेला निरोप देणारी उत्तरपूजा यथाविधी केली, अक्षता वाहिल्या. "आता निस्तं लोखंड हाय, न्या," म्हणत तिने तलवार उचलली, आणि मुलाच्या हाती देण्यापूर्वी मुठीवर माथा टेकवला. आज संग्रहालयात त्या काचेपुढे उभा राहतो, तेव्हा विसर्जन मीच केले होते हे ठाऊक असूनही माझे हात जोडले जातात.