आधी झाकण

प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना आज फॉस्फोनायट्रिलिक क्लोराइडची जुनी बाटली हाती आली. आतले पांढरे स्फटिक खडीसाखरेसारखे दिसतात. फॉस्फरस आणि नायट्रोजनच्या अणूंनी एकाआड एक उभं राहून फेर धरावा, तसं त्यांचं कडं असतं. दिसायला निरुपद्रवी, पण दमट हवा लागली की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि डोळ्यांत पाणी येतं.

बाटलीच्या तोंडाला अजून दातारबाईंनीच गुंडाळलेली पट्टी आहे. त्या डावखुऱ्या, म्हणून ती उलटी वळलेली. आम्ही वर्षानुवर्षं एकाच टेबलावर काम केलं. बाटली उघडी असताना मी काही बोलू लागलो की त्या म्हणायच्या, "आधी झाकण लावू द्या, मग बोला." श्वासातला ओलावाही त्यांना चालत नसे. स्फटिक तोलून, पट्टी गुंडाळून झाली की मान वर करून विचारायच्या, "हं, काय म्हणत होतात?" तोवर माझा धीर सरलेला असायचा. मी विचारायचो, "चहा घेणार?"

निर्वात नळीत जराशी ऊब दिली, की हे स्फटिक कापरासारखे उडतात आणि वरच्या गार काचेवर पुन्हा लख्ख जमतात. न बोललेलं कुठे जाऊन जमत असेल, कोण जाणे.

दातारबाई निवृत्त होऊन लेकीकडे दूरदेशी गेल्या. मी पट्टीला नख लावलं आणि तसाच थांबलो. झाकण घट्ट लागलेलं होतं. आता बोलायला काहीच हरकत नव्हती.